आंतरराष्ट्रीय संबंधांचं पारायण

येलहंका, बेंगळुरू
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

श्रीकांतचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा तूर्त मनातल्या मनात घातलेला समजावा). इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. आईचा डोळा आता उत्तम आहे. इतका उत्तम, की छताच्या कोपऱ्यातली जळमटं तिला सोफ्यावर बसून दिसतात, आणि अंजलीला सांगितलं तर बरं दिसणार नाही म्हणून ती मला सांगते. दाजींचा रक्तदाब, तुझं सकाळचं फिरणं आणि समोरच्या बाईंशी असलेला तुझा अबोला हे सर्व पूर्वीप्रमाणे व्यवस्थित चालू असेल, असं धरून चालतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुझा फोन आला की आई तो स्पीकरवर टाकायला लावते, त्यामुळे आपल्यात खाजगी असं काही उरलेलं नाही. शिवाय फोनवर तू बोलायचं आणि मी ऐकायचं ही आपली लहानपणापासूनची व्यवस्था आहे, आणि या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. पत्रात तुला मध्येच ‘ते राहू दे रे’ म्हणता येणार नाही. म्हटलंस तरी मला ऐकू येणार नाही.

विषय शाल्मलीचा. तिला तुमच्या दिल्लीत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला प्रवेश मिळाला, हे तिने तुला माझ्या आधी सांगितलं (हे मी विसरलेलो नाही). मी तिला जाऊ देणार नाही असं तुला मागे फोनवर सांगितलं, तेव्हा तू ‘बघू’ म्हणाली होतीस. तुझं ‘बघू’ मला चांगलं ठाऊक आहे. मला इंजिनिअरिंगला घालतानाही ते वापरलं गेलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की आपल्या घरात राजकारण हा जेवताना बोलायचा विषय आहे. वरणभाताला सुरू होतो, ताकभाताला संपतो. त्यासाठी तीन वर्षं घर सोडून जावं असं त्यात काय आहे? हे झालं लोकांना सांगायचं कारण. तुला म्हणून सांगतो, की एकुलती एक पोर, ती गेली की घरात मी, अंजली आणि आई, आणि त्या दोघींचं एकमेकींशी इतकं जमतं की मला घरात कोणी उरत नाही. मला तिला सोडवत नव्हतं. सरळ एवढंच.

पण सरळ ‘नको’ म्हणायला मी काही आपले अण्णा नव्हे. त्यांनी ‘नको’ म्हटलं की विषय मिटायचा. मी म्हटलं की अंजली ‘का?’ विचारते. म्हणून मी एक अट घातली. कॉलेजने एक ईमेल पाठवली होती, वर्ग सुरू होण्याआधी कोणती पुस्तकं वाचून यावं याची. त्यात सर्वांत वर एक ग्रंथ होता, जगातली राज्यं एकमेकांशी कशी वागतात आणि का, याबद्दलचा. जाडीने आपल्या मिरजेच्या घरच्या उशीएवढा. मी म्हटलं, हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला पाहिजे, मग खुशाल जा. ही मुलगी पुस्तक हातात घेतल्यावर दुसऱ्या पानाला फोन उचलते, हे मला माहीत होतं. अट अगदी न्याय्य दिसत होती आणि निकाल माझ्या बाजूने लागणार होता. मी अगदी शांत होतो.

ग्रंथ आणायला मी स्वतः जयनगरला गेलो. (येलहंक्याहून जयनगर म्हणजे परगावी जाण्यासारखंच आहे. मी डबा घेऊन निघालो होतो.) जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो मिळाला. कुठल्याशा वाचनालयाने काढून टाकलेली प्रत, लाल कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. घरी आलो तर लादी पुसलेली, सगळं ओलं, म्हणून पुस्तक कोरड्या जागी म्हणजे चौरंगावर ठेवलं आणि आंघोळीला गेलो. ताई, माणसाने आंघोळीला जावं की नाही याचा मी हल्ली फार विचार करतो.

कारण त्याच सुमारास आई तिच्या पोथीची वाट पाहत होती. दर वर्षी ती आठवडाभराचं पारायण करते हे तुला सांगायला नको. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांना काळा चष्मा, बारीक अक्षर वाचायला डॉक्टरांची मनाई. म्हणून मोठ्या टाइपातली पोथी मी पुण्याहून मागवली होती आणि ती अजून यायची होती. काळ्या चष्म्यातून आईला दिसलं ते असं: चौरंग, चौरंगावर लाल बांधणी, वर सोनेरी अक्षरं. पोथी आली! तिने समई लावली, ग्रंथाला हळदकुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं, पळीभर पाणी हातावर घेतलं आणि नातीच्या शिक्षणासाठी सात दिवसांच्या पारायणाचा संकल्प करून ते ताम्हनात सोडलं. मी टॉवेलने डोकं पुसत बाहेर आलो तेव्हा आई ग्रंथाला प्रदक्षिणा घालत होती, आणि शाल्मली तिथेच सोफ्यावर चहा पीत बसली होती. सगळं तिच्यासमोर झालं होतं. ती एक अक्षर बोलली नव्हती. (हिला परराष्ट्र खात्यात घ्यायला हरकत नाही, असं माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते तेव्हा.)

मी आईला नीट समजावून सांगितलं, की ही पोथी नव्हे, हे पाठ्यपुस्तक आहे, यात देवाचं नाव नाही, शस्त्रास्त्रांची मात्र पुष्कळ आहेत. तिने चष्मा वर करून पाहिलं. क्षणभर ओशाळली, मग सावरली. म्हणाली, “विद्याच आहे ना? मग झालं तर. आणि श्रीकांत, उदक सोडलंय मी. ते काय परत हातात घेऊ?” मांडलेला ग्रंथ वाचून पुरा झाल्याशिवाय चौरंगावरून उचलायचा नाही, हा आपल्या घरचा नियम तुलाही पाठ आहे. आईला वाचायला मनाई. अंजलीला बँकेतून रजा नाही. शाल्मलीच्या नावाने संकल्प, म्हणून तिने समोर बसून ऐकायचं. उरलं कोण? शिवाय आईने असाही निर्णय दिला, की भक्तिभावाने ऐकलं की वाचल्यासारखंच. म्हणजे मी घातलेली अट माझ्याच घशाने पुरी व्हायची होती.

मी ऑफिसात आठवड्याची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘धार्मिक’ लिहिलं. दुसरा शब्द सुचला नाही. रोज सकाळी सोवळं नेसून, आसनावर मांडी घालून (गुडघा तेव्हाच गेला) मी इंग्रजीतून वाचायचो आणि परिच्छेद संपला की आईसाठी मराठीतून अर्थ सांगायचो. कांदा-लसूण बंद, बाहेरचं खाणं बंद, जमिनीवर झोपणं, सगळं रीतसर. ग्रंथातलं काही गाळायचं नाही, म्हणून तळटिपाही वाचल्या. युद्धाच्या अध्यायाला आमच्या वायुदलाच्या तळावरची विमानं नेमकी सरावाला निघायची आणि घराच्या काचा थरथरायच्या. तेवढा वेळ मी थांबायचो आणि आई हात जोडायची. पहिला दिवस मला फार जड गेला. ग्रंथकार पहिल्याच प्रकरणात म्हणतो, की राष्ट्रांच्या वर कोणतीही सत्ता नसते, म्हणून सगळी एकमेकांना भिऊन असतात. हे मराठीत सांगताना मी घामाघूम झालो. आईने ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे जगाच्या घरात मोठं माणूस कोणी नाही. मग असंच चालायचं.” ग्रंथकाराने त्याला पन्नासेक पानं घेतली आहेत.

घंटेचा आवाज ऐकून दुसऱ्या दिवशी समोरच्या गिरिजाक्का मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या. त्या इथल्याच, आपल्या आईचं मिरजेचं कानडी आणि त्यांचं तुटकं मराठी यांचं उत्तम जुळतं. पोथी इंग्रजीत का, असं त्यांनी विचारलं नाही. बेंगळुरूत सगळंच इंग्रजीत होतं तर हेही, असं त्यांना वाटलं असावं. मोठ्या राष्ट्रांना नकाराधिकार असतो, म्हणजे बाकी सर्वांनी हो म्हटलं तरी एकटा नको म्हणू शकतो, हे मी सांगितलं तेव्हा त्या मान हलवून म्हणाल्या, “नम्म बिल्डिंगचे सेक्रेटरी हागेच, नोडी.” (म्हणजे आपले सेक्रेटरीही तसेच, बघा.) तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची मनस्विनी आली. ही पुण्याची, कचेरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, त्यामुळे बहुतेक घरूनच काम करते. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची आणि मधूनच पुटपुटायची, “काका, एक मिनिट पॉज करता का, मला अनम्यूट व्हायचंय.” पारायणात ‘पॉज’ नसतो असं आईने तिला गोड शब्दांत सांगितलं, पण मी मात्र थांबायचो, कारण मला पाणी प्यायचं असे.

आता शाल्मली. पहिले दोन दिवस ती डोळे मिटून बसायची. आई कौतुकाने म्हणायची, किती तल्लीन होते पोर; बापाला घोरणं ओळखता येतं. पण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट झाली. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेली लहान राष्ट्रं काय करतात, असा भाग होता. माझा घसाही दुखत होता, तेव्हा मी थोडक्यात अर्थ सांगितला, की ती बिचारी गप्प बसतात. तेवढ्यात शाल्मलीने डोळे उघडले. म्हणाली, “बाबा, असं नाही लिहिलंय तिथे.” मग तिने सांगितलं, की ती गप्प बसलेली दिसतात, पण एकाला व्यापार देतात, दुसऱ्याला मान देतात, दोघांनाही वाटत ठेवतात की आपण तुमचेच, आणि त्यात स्वतःचं घर तेवढं राखतात. हे तिने इतक्या सोप्या मराठीत सांगितलं, की गिरिजाक्कांनाही समजलं. (सांगताना तिची नजर अधूनमधून माझ्याकडे आणि बँकेत जायला निघालेल्या अंजलीकडे जात होती. आमच्या घरातलं लहान राष्ट्र कोणतं हे मला तेव्हा उमगलं.) आईने लगेच तिचा पाट माझ्या शेजारी घ्यायला लावला. त्या दिवसापासून मी वाचायचं आणि अर्थ तिने सांगायचा असं ठरलं. ताई, फोन दुसऱ्या खोलीत राहायला लागला. आदल्या संध्याकाळी ती उद्याचं प्रकरण चाळून ठेवायला लागली. एकदा तर ग्रंथकाराचंच चुकलं आहे म्हणून ती चिडली, आणि मी त्याची बाजू घेतो म्हणून माझ्यावरही चिडली. मला तिचं ते चिडणं फार आवडलं.

नंतर आला पुरणाचा प्रश्न. सांगतेला पुरणाचा नैवेद्य हवा. मनस्विनीने सासरच्यांना व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं होतं, की या वर्षी पुरणपोळी ती करणार. गिरिजाक्का न विचारता तूर डाळ भिजवून मोकळ्या झाल्या होत्या, कारण या मजल्यावर सणाची होळिगे त्यांच्या घरची असते. आता होळिगे म्हणजे पुरणपोळीच, पण हे दोघींपैकी एकीलाही सांगायची सोय नव्हती. मनस्विनी म्हणाली, चण्याच्या डाळीचीच खरी. दुसऱ्या दिवशी गिरिजाक्कांचा रोजचा गजरा आला नाही. आई दोघींना धरून ठेवायला बघत होती आणि दोघी तिच्यापासून लांब होत होत्या. मी मध्ये पडायला निघालो, तेव्हा अंजलीने मला फक्त शर्टाला धरून थांबवलं.

शाल्मली समोर गेली. दार उघडं होतं, मला आमच्या हॉलमधून सगळं दिसत होतं (मी वर्तमानपत्र धरून उभा होतो). ती ओट्याशी उभी राहून गिरिजाक्कांशी कानडीत बोलत होती, आणि बोलण्यापेक्षा ऐकत जास्त होती. मग वर गेली, तिथेही तेच. निवाडा कोणाचाच दिला नाही. तुमचं बरोबर, असंही कोणाला म्हटलं नाही. तिने फक्त दोघींकडून काढून घेतलं, की कशाला त्या हात लावू देणार नाहीत. गिरिजाक्कांना एवढंच हवं होतं, की या मजल्यावरचा नैवेद्य आधी त्यांच्या चुलीवर चढावा. मनस्विनीला एवढंच हवं होतं, की पोळी तिने लाटलेली दिसावी, आणि तीही कॉलवर. डाळीची पर्वा दोघींनाही फारशी नव्हती. शेवटी पुरण गिरिजाक्कांच्या स्वयंपाकघरात शिजलं, पोळ्या तिथेच मनस्विनीने लाटल्या, भाजल्या गिरिजाक्कांनी, आणि फोन शाल्मलीने असा धरला, की पुण्याला लाटणं दिसावं आणि चूल कोणाची ते कळू नये. गिरिजाक्का राजी होत म्हणाल्या, “सरी, स्वल्प तुझं, स्वल्प माझं,” आणि गजरा परत सुरू झाला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत दोन विभागांचं भांडण असं मिटलेलं मी पाहिलेलं नाही. वर्तमानपत्र उलटं धरलं आहे हे अंजलीने दाखवल्यावर मला कळलं. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, की या मुलीला इथे ठेवून घेणं म्हणजे आपल्या सोयीसाठी तिला अडवणं होईल. तिला जायलाच हवं. असं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

सांगतेचा दिवस आला. शेवटच्या प्रकरणाच्या आधीच्या प्रकरणापर्यंत माझा आवाज चांगला होता. मग घसा बसला. शब्द फुटेना. उरलेलं एकच प्रकरण, जगाचं पुढे काय होणार याबद्दलचं. मनस्विनी म्हणाली की ती वाचते. पण आई म्हणाली, मध्येच वाचणारा बदलायचा नाही. राहिलेलं वाचायचं झालं तर ज्याच्या नावाने संकल्प, त्यानेच, याच जागी बसून. शाल्मलीची तर बांधाबांध चाललेली, डोक्यात दिल्ली. तेव्हा असं ठरलं, की देवाला खोळंबून ठेवू नये म्हणून नैवेद्य दाखवावा आणि राहिलेला अध्याय शाल्मलीने दिवाळीला घरी येऊन पुरा करावा. तोवर ग्रंथ चौरंगावरच राहील. गिरिजाक्का लगेच म्हणाल्या, मग दीपावळीला परत होळिगे. अशा रीतीने माझी अट पुरी झालेली नाही, तरीही मी परवानगी दिली आहे, हे तू नोंदवून ठेव. हॉलच्या मधोमध चौरंग आहे, आम्ही त्याला वळसा घालून चालतो, आणि एकंदरीत मी अगदी शांत आहे.

ती येत्या रविवारी निघते. हॉस्टेल तुमच्या मयूर विहारापासून लांब नाही. मग दर रविवारी तिला जेवायला बोलाव, वरणभात कर, ताकापर्यंत राजकारण बोलू दे. एवढीच विनंती करायला हे पत्र. आशीर्वाद द्यायला तुमच्या घरी आता लहान कोणी उरलेलं नाही, तेव्हा आमचे सर्वांचे आशीर्वाद ती पोचली की तिलाच द्यावेत. दाजींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत

ता. क. पुण्याहून आईची मोठ्या टाइपातली पोथी काल आली. आईने ती देव्हाऱ्यात ठेवली आणि दुसऱ्या वर्षाला कोणती पुस्तकं आहेत ते शाल्मलीला विचारून घेतलं. मला रजा शिल्लक ठेवायला सांगितलं आहे.

आणखी एक ता. क. माझा घसा बसला नव्हता. आईला ते कळलं असणार, कारण तिने मला हळद घातलेलं गरम दूध दिलं आणि घसा कसा आहे हे एकदाही विचारलं नाही. वाचणारा बदलायचा नाही हा नियमही मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. तू ऐकला होतास का?

शेवटचं. काल शाल्मलीने पुस्तकांची बॅग भरली. यादीतली सगळी भरली, हे एक भरलं नाही. मी समोरच बसलो होतो. तिने ग्रंथ चौरंगावर जरा सरळ केला, राहिलेल्या प्रकरणाशी गिरिजाक्कांच्या गजऱ्यातलं एक फूल ठेवलं आणि मिटला. पण तुमच्या दिल्लीत ते पुस्तक कुठेही मिळेल, कॉलेजच्या वाचनालयात तर असणारच. म्हणून ताई, पत्र लिहायचं खरं कारण हे. तिला हवं ते वाचू दे. तेवढा शेवटचा अध्याय मात्र दिवाळीपर्यंत वाचू देऊ नकोस. जगाचं पुढे काय होणार, ते मला तिच्याच तोंडून, आमच्या हॉलमध्ये ऐकायचं आहे.